सत्तर पानांचं पुडकं

2020 च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे बंगळूरमधलं शेजारचं पादरायनपुरा सील झालं आणि आम्ही चामराजपेटेतली माणसंही घरात अडकलो. आमच्या घरमालकांच्या दिवाणखान्यात एका गव्याचं मुंडकं टांगलेलं आहे. त्यांच्या आजोबांनी मारलेला गवा आणि त्यात पेंढा भरलेला म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कंपनीनं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत चाललेल्या या एकाच कारखान्यातून वाघ आणि बिबटे मिळून 43 हजारांवर कातडी गेली, असा अंदाज आहे. त्या मुंडक्याखाली बसून मी दक्षिण आफ्रिकेतल्या बातम्या वाचत होते. तिथं सुमारे नऊ हजार खासगी शिकाररानं आहेत. कुंपणाच्या आत हरणं, रानरेडे, कुडू वाढवायचे, त्यातले काही परदेशी शिकाऱ्यांना मारू द्यायचे आणि त्या पैशावर उरलेलं रान, रखवालदार, पाणी, कुंपण सांभाळायचं. मार्चअखेर विमानं थांबली आणि शिकारीचा हंगाम उघडायच्या आधीच बुडाला. शिकारीला माझा ठाम विरोध होता, आजही आहे. पण रखवालदारांचे पगार कुठून द्यायचे, हा त्या मालकांचा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

माझं आजोळ वरोऱ्याचं. ताडोबाचा व्याघ्र प्रकल्प तिथून जवळ. आपल्याकडे गोळीची जागा कॅमेऱ्यानं घेतली, पण पैसा आजही बाहेरून येणारा पाहुणाच आणतो. तो आला नाही तेव्हा काय झालं, हे पाहायला मी 2021 च्या मार्चमध्ये ताडोबाच्या मोहर्ली गेटला गेले.

शिकारीच्या धंद्याशी विदर्भाचं जुनं नातं आहे. 1950 च्या दशकात नागपूरची अ‍ॅल्विन कूपर ही कंपनी परदेशी पाहुण्यांना मध्य भारताच्या जंगलात वाघ मारायला घेऊन जायची. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी ती सुरू केली होती. परवाना, तंबू, मचाण, हाकारे, सगळी व्यवस्था कंपनीची. 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि त्याच वर्षीच्या गणनेत देशात 1,827 वाघ उरल्याचं दिसलं. कंपन्या बुडाल्या, त्याचं मला दुःख नाही. पण हाका घालणारे, माग काढणारे, रात्र रात्र मचाण बांधणारे लोक जवळपासच्या गावांतलेच होते. ते त्यानंतर काय करत होते, याची नोंद मला कुठं सापडली नाही.

त्यांच्या नातवंडांच्या पिढीतली एक बाई मला मोहर्लीला गाईड म्हणून भेटली. बफरमधल्या, म्हणजे कोअर जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावात राहते, गणवेशाचा शर्ट, तोंडाला मास्क, पायात कॅनव्हासचे बूट. तिचं नाव लिहीत नाही, गाईडताई म्हणते.

पहाटे गेटवर ओळखपत्रं, तापमान मोजायचं पिस्तूल, सॅनिटायझर, मग जिप्सी आत. गोंड राजांच्या काळातले म्हणून दाखवले जाणारे उंच दगडी खांब रस्त्याकडेला एकामागून एक येतात. मोहाची फुलं गळायला लागली होती. उघड्या जिप्सीत सॅनिटायझरचा झणका आणि मोहाचा ओलसर गोड वास एकत्र नाकात शिरत होते. तो मिसळलेला वास मला अजून येतो. त्या दिवसांत चामराजपेटेत दुकानाच्या दारात कुणी हातावर सॅनिटायझर ओतलं की मला मोह आठवायचा.

गाईडताईचं काम बघण्यापेक्षा ऐकण्याचं जास्त. पाणवठ्याजवळ तिनं जिप्सी बंद करायला लावली आणि डोळे मिटले. सौरपंपावर भरणारा छोटासा हौद, काठावर चितळं. लांब कुठंतरी वानर खोकलं. "एकच बोलला. भ्यालेला नाही," ती म्हणाली. थोड्या वेळानं सांबर ठोंकलं, पुन्हा ठोंकलं. "आता बघा." सांबर उगाच ओरडत नाही, चितळ घाबरट, ते पानाच्या आवाजालाही ओरडतं, हे तिनं मला त्या शांततेत शिकवलं. वाघीण आली, पाण्यात मागच्या अंगानं बसली, उठून गेली. मागच्या जिप्सीतले लोक फोटोसाठी उभे राहिले. ताई मात्र चितळांकडे पाहत होती, कारण वाघीण नेमकी कुठं गेली ते त्यांच्या माना सांगत होत्या.

दुपारी तिच्या अंगणात बसलो. मोहाची फुलं वाळत घातली होती. गेट बंद झालं तेव्हाचं विचारलं, तर तिनं आधी बोटं पुढे केली. "तेंदूची सत्तर पानं म्हणजे एक पुडकं, ताई. एकोणसत्तर झाली तं मुन्शी परत करते."

मार्च 2020 मध्ये पर्यटन थांबलं. 5 एप्रिलला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या नादिया वाघिणीला कोरोना झाल्याचं जाहीर झालं आणि माणसापासून वाघाला लागण होईल, या भीतीनं देशभरच्या व्याघ्र प्रकल्पांना सावध राहायला सांगितलं गेलं. ते योग्यच होतं. पण एप्रिल, मे, जून हे ताडोबाचे भराचे महिने. पाणी आटतं, वाघ पाणवठ्यावर येतो, पाहुणे येतात, आणि वर्षाची कमाई याच दिवसांत होते. गाईडला महिन्याचा पगार नसतो, फेरीमागे पैसे. फेरी नाही तर काही नाही. जिप्सीवाल्यांचं दुखणं वेगळं. रिझर्व्ह बँकेनं हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत सवलत दिली होती. शेजारचा चालक म्हणाला, "हप्ता थांबला जी, व्याज कुठं थांबलं?"

मग ताईच्या घरातले सगळे मोहाला गेले, आणि मोहानंतर विडीच्या पानांसाठी तेंदूला. ताई गाईड झाल्यापासून तेंदूला गेली नव्हती. फेरीचे पैसे येऊ लागले तेव्हा रानात वाकायचं तिनं सोडलं होतं. आता पुन्हा पहाटे निघायचं, उन्हं चढेपर्यंत पानं तोडायची, घरी आणून जुळवायची आणि मोजायची. पुडक्याला सत्तर. हातात सत्तर आली की दोरीनं बांधायचं. मोजताना तिचे ओठ हलत होते, आत्ताही, नुसतं सांगताना.

हे काम म्हणजे वाकून चालणं. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, हे जंगलाकडेचं प्रत्येक मूल जाणतं. चंद्रपूर जिल्ह्यात मोह आणि तेंदूच्या हंगामात माणसं वाघाला बळी पडतात, दरवर्षी पडतात. त्याच 2020 मध्ये ताडोबाच्याच कोलाऱ्याच्या बाजूला केटी-1 नावानं नोंदलेल्या वाघानं पाच जणांचा जीव घेतला. जूनमध्ये त्याला पकडून नागपूरला गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात नेलं आणि तिथं काही दिवसांतच तो मेला. पाच माणसं आणि एक वाघ, त्या वर्षातली ही नोंद आहे.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"मी पानं कमीच तोडली. बाया म्हणाल्या, तू उभी राह, तुले कॉल समजते." म्हणून ती एका उंचवट्यावर उभी राहायची. खाली सात-आठ बाया वाकून पानं तोडत. वानर एकदाच खोकलं तर ती काही बोलायची नाही. सांबर ठोंकलं की हाक द्यायची आणि सगळ्या एका जागी येऊन उभ्या राहायच्या, ताठ, पाठीला पाठ लावून. पाहुण्यांना वाघ दाखवण्यासाठी शिकलेली विद्या तिनं गावातल्या बाया वाघापासून राखायला वापरली. त्या बायांनी आपापल्या ओटीतून तिला पानं दिली. किती? "सत्तर व्हायपुरती."

मी त्या उंचवट्यावर गेले होते. विशेष काही नाही, मुरूम, ऐनाची दोन झाडं. पण या सगळ्या प्रवासात मन पुन्हा पुन्हा तिथंच जातं.

टाळेबंदीत आपण शहरातल्यांनी एक वाक्य फार आवडीनं वाचलं: जंगलानं मोकळा श्वास घेतला. रस्त्यावर मोर नाचले, हरणं आली. मला तेव्हा ते खरं वाटायचं, मोहर्लीत बसून ते अर्धंच दिसलं. जिप्सी थांबल्या हे खरं, पण त्यामुळे माणसं जंगलातून बाहेर पडली नाहीत, उलट जास्त आत गेली. मोहाखालचा पाला जाळला की फुलं वेचायला सोपी जातात. तोच जाळ पुढे जंगलात शिरतो. म्हणून फेब्रुवारीत जाळरेषा काढायच्या, मग उन्हाळाभर आगीवर नजर ठेवायची. वनरक्षक आणि वनमजूर यांचं काम त्या काळात थांबलं नाही. हौदांना पाणी, कॅमेरा ट्रॅप, पायी गस्त, सगळं चालू. पर्यटकाला हे दिसत नाही, कारण हे सगळं जिप्सीचा रस्ता सोडून आत चालतं.

1 जुलै 2020 ला बफर उघडलं. जिल्ह्याबाहेर जायला तेव्हा ई-पास लागायचा, त्यामुळे आले ते मुख्यतः जवळपासचे लोक. 1 ऑक्टोबरला कोअर उघडलं. गाईडताईनं पहिल्या फेरीचे पैसे किराणा दुकानाच्या उधारीत दिले.

नामिबियातही टाळेबंदीत पाहुण्यांचा पैसा असाच आटला होता. तिथं 1996 च्या कायद्यानं गावकऱ्यांना आपापल्या रानाचा कारभार मिळाला. अशी 86 क्षेत्रं उभी राहिली, त्यांचा खर्च पर्यटन आणि परवान्याची शिकार यांतून निघायचा. सीमा बंद झाल्यावर गावच्या रखवालदारांचे पगार अडचणीत आले. मग तिथल्या सरकारनं, संस्थांनी आणि देणगीदारांनी मिळून खास निधी उभा केला, रखवालदारांना कामावर ठेवण्यासाठी. त्यांच्या शिकारीशी माझं पटत नाही, पण रान राखणारा माणूस हा रानाचाच खर्च आहे, हे त्यांनी आपल्याआधी ओळखलं.

ताडोबाच्या प्रवेशशुल्कातून बफरमधल्या गावांची कामं होतात, ती मी पाहिली. गॅस आला आहे, सरपण कमी झालं आहे. याच शुल्कातला थोडा भाग गेट बंद असतानाच्या रोजीसाठी बाजूला काढता येईल. गाईड आणि चालकांना त्या काळात आगीची राखण, पाणवठे, गावातली वाघाची सूचना देणं, ही कामं देता येतील. कॉल ओळखणारा माणूस पगारावर उंचवट्यावर उभा राहिला, तर पानं तोडणाऱ्या बाया सुरक्षित घरी येतील आणि पुढचा वाघ पिंजऱ्यात जाणार नाही.

परतताना कर्नाटकात शिरायला 72 तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल लागत होता, म्हणून चंद्रपुरात नाकात काडी घालून घेतली आणि बंगळूरला आले. मोह संपून तेंदूची पानं तयार होत होती, तोच एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत पर्यटन पुन्हा बंद झालं. मी फोन केला तेव्हा ताई रानातून नुकतीच आली होती.

ताडोबाला जाणार असाल तर एक विनंती आहे. कोअर दरवर्षी 1 जुलैपासून सप्टेंबरअखेर बंद असतं, त्या महिन्यांत बफरमध्ये जा. पावसात वाघ कमी दिसतो, हे धरून जा. गावातल्या घरी उतरा, गावचाच गाईड मागा, आणि वाघ दिसला नाही तरी गाईडची बक्षिशी कापू नका.