विरार लोकल ते परळची प्रयोगशाळा

वसई-विरारमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना उन्हाळ्याच्या सुट्टीत रोगप्रतिकारशास्त्राचं खरं काम बघायचं असेल, तर त्यासाठी दिल्लीच गाठावी लागते असं नाही. लोकलने दादर, तिथून परळ.

परळची हाफकिन संस्था प्लेगच्या साथीतून उभी राहिली. वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा इथल्या जुन्या राजभवनात आली. शेजारी केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. ‘बॉम्बे’ हा दुर्मीळ रक्तगट १९५२मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगापुढे मांडला, तोही मुंबईतूनच. पदवीच्या वर्गात इतका जवळचा इतिहास क्वचितच सांगितला जातो, याची खंत वाटते.

खारघरचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ कर्करोगावर, पुण्याचं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र पेशी आणि प्रतिकारशक्तीवर काम करतं.

प्रयोगशाळेत शिरायचं कसं? देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात. तिचे अर्ज साधारण आधीच्या वर्षाअखेरीस मागवले जातात. एप्रिलमध्ये जागं झालेल्यांची संधी हुकते. या फेलोशिपखेरीज जायचं, तर थेट शास्त्रज्ञांना ईमेल करावा लागतो. शंभर जणांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा त्या प्रयोगशाळेचा एक शोधनिबंध वाचून त्यावर नेमका प्रश्न विचारणं कितीतरी चांगलं. निवड झाली, तर सुरुवात बहुधा ९६ खळग्यांच्या एलायझा प्लेटने आणि पिपेट धरायच्या सरावाने होते.