प्रकल्पाचा विषय ठरतो तेव्हा

महाविद्यालयीन विद्यार्थ्याला माहिती मिळत नाही, ही अडचण आता फारशी उरलेली नाही. मिळालेल्या माहितीतले विश्वासार्ह काय, कोणाच्या हितसंबंधातून आलेले काय आणि निव्वळ इकडून तिकडे उतरवलेले काय, हे पारखण्याची सवय त्याला लावली जात नाही, ही खरी अडचण आहे. आपल्याला नेमके काय हवे ते ठरवणे, ते शोधणे, तपासणे आणि मूळ कर्त्याचे श्रेय राखून वापरणे, या एकत्रित क्षमतेला ग्रंथालयशास्त्रात ‘माहिती साक्षरता’ म्हणतात. अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की यांनी १९७४ मध्ये ही संज्ञा पुढे आणली. तेथील महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० मध्ये तिचे मानदंड ठरवले आणि २०१६ मध्ये ते मागे घेऊन नवी चौकट स्वीकारली. जुन्या मानदंडांचा भर मोजता येतील अशा कौशल्यांवर होता. नव्या चौकटीत एखाद्या स्रोताचा अधिकार कोणत्या संदर्भात मानावा, ज्ञान अभ्यासकांच्या दीर्घ संवादातून कसे घडते, अशा मूलभूत कल्पना आल्या, आणि त्या एकट्या ग्रंथपालाला एका तासात शिकवता येण्याजोग्या नाहीत.

आपल्याकडे बऱ्याच महाविद्यालयांत मात्र हा विषय वर्षारंभीच्या ग्रंथालय-परिचयात उरकला जातो. नवागतांना देवघेव विभाग, संदर्भ विभाग आणि संगणकावरील ग्रंथसूची दाखवली जाते. पण त्या वेळी त्यांच्यापुढे कोणताच प्रश्न नसल्यामुळे सांगितलेले लक्षात राहत नाही. प्रश्न पुढे येतो तो काही महिन्यांनी, अध्यापक प्रकल्पाचा विषय देतात तेव्हा, आणि त्या घटकेला ग्रंथपाल तेथे नसतो. माहिती साक्षरता रुजवायची असेल, तर ग्रंथपाल आणि अध्यापक यांची गाठ विषय ठरवण्याच्या टप्प्यावरच पडली पाहिजे.

‘१९७२ च्या दुष्काळाविषयी माहिती लिहा’ असा प्रकल्प दिला, तर विद्यार्थी पहिल्या दोन-तीन संकेतस्थळांवरील मजकूर जोडून देतो, आणि त्यात त्याचा फारसा दोष नाही, कारण प्रश्नानेच त्याच्याकडून तेवढे मागितलेले असते. तोच विषय निराळ्या रीतीने मांडता येतो: त्या काळात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर एका वेळी जास्तीत जास्त किती मजूर होते, आणि तो आकडा मुळात कोणी मोजला? शोध घेणाऱ्याला १९७३ च्या मे महिन्यातील सुमारे ५० लाखांचा आकडा सापडतो. मग तो शिखराचा आकडा आहे की सरासरी, लेखकाने तो शासकीय अहवालातून घेतला की दुसऱ्याच्या पुस्तकातून उचलला, हे पाहणे भाग पडते. त्या काळातच तयार झालेल्या नोंदी, अहवाल, वृत्तपत्रे ही प्राथमिक साधने आणि त्यांच्या आधारे पुढे लिहिले गेलेले ते दुय्यम साधन, हा भेद येथे व्याख्या पाठ न करताही कळतो.

ग्रंथपालाचे काम येथेच सुरू होते. शासकीय कागदपत्रांत ‘दुष्काळ’ या शब्दाबरोबरच ‘टंचाई’ हा शब्द वारंवार येतो, इंग्रजी अहवालांत त्यासाठी ‘स्कॅर्सिटी’ असते, म्हणून एकाच शब्दाने शोधणाऱ्याच्या हातून महत्त्वाची साधने निसटतात, हे तो दाखवू शकतो. जिल्हा गॅझेटिअर, मराठी विश्वकोश, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ग्रंथालय, पीएचडीचे प्रबंध खुले करणारे ‘शोधगंगा’ हे भांडार, यांपैकी कशात काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे तो जाणतो. अध्यापकाने त्यापुढे जाऊन विद्यार्थ्याला गावातील वृद्धांकडे पाठवावे. खडी फोडण्याचे काम, मजुरी, सुकडी हे पोषक खाद्य आणि मिलो ही आयात ज्वारी यांविषयी त्यांच्याएवढा अधिकारी साक्षीदार दुसरा नाही. राज्यभरातील मजुरांच्या संख्येबाबत मात्र त्यांच्या आठवणीवर भिस्त ठेवता येत नाही. स्रोताचा अधिकार प्रश्नानुसार बदलतो, ही अवघड कल्पना अशा वेळी विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडू लागते.

संकेतस्थळ पारखण्याची रीत वेगळी शिकवावी लागते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासक आणि २५ पदवी विद्यार्थी यांची तुलना केली, तेव्हा सर्वांत लवकर आणि अचूक निष्कर्षाला पोहोचले ते तथ्यतपासक. बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संघटनांची संकेतस्थळे त्यांच्यापुढे होती: एक १९३० पासूनची, हजारो सदस्यांची, दुसरी २००२ मध्ये फुटून निघालेली, लहान. विद्यार्थी आणि कित्येक इतिहासकारही पानाची मांडणी, बोधचिन्ह आणि भाषा न्याहाळत त्याच पानावर रेंगाळले. तथ्यतपासकांनी ते पान लगेच सोडून त्या संघटनेबद्दल इतर काय म्हणतात ते शोधले. या रीतीला आडवे वाचन म्हणता येईल. ज्या अभ्यासकांचे सारे आयुष्य साधने पारखण्यात गेले तेही पडद्यावर चकले, ही गोष्ट प्रत्येक अध्यापकाने गंभीरपणे घ्यावी. विषयाचे ज्ञान असले म्हणजे ही रीत आपोआप येते, असे नाही.

संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ही गरज वाढली आहे. अशी साधने अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे संदर्भ, लेखकाचे नाव आणि पृष्ठक्रमांक यांसह, रचून देऊ शकतात. प्रत्येक संदर्भ ग्रंथसूचीत किंवा नियतकालिकाच्या मूळ अंकात शोधून पाहणे हाच त्यावरचा भरवशाचा उपाय आहे. मूळ कर्त्याचे श्रेय राखण्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत इतर लेखनाशी असलेल्या साम्याच्या टक्केवारीनुसार वाङ्मयचौर्याचे स्तर ठरवले आहेत, आणि १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. परंतु केवळ टक्केवारी पाहिली, तर विद्यार्थी शब्द फिरवून ती खाली आणायला शिकतो, उसन्या विचाराचे श्रेय देण्यास शिकत नाही.

हे सारे शिकवण्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अंतर्गत मूल्यमापनातील काही गुण प्रकल्पाबरोबर जोडलेल्या शोधनोंदीला द्यावेत, जिच्यात विद्यार्थी कोणते शब्द वापरून शोधले, कोणते साधन नाकारले आणि का, हे लिहील. आणि ती नोंद अध्यापक व ग्रंथपाल यांनी मिळून तपासावी. शंभर-सव्वाशेच्या वर्गात सर्व विषयांना हे झेपणार नाही, त्यातही अनेक ग्रंथालयांत पुरेसे कर्मचारी नाहीत. म्हणून प्रत्येक विभागाने एका सत्रात एकच प्रकल्प अशा रीतीने घ्यावा, आणि महाविद्यालयाने त्या काळात ग्रंथपालाला देवघेवीच्या कामातून आठवड्याला दोन तास मोकळे करावे.