पहिल्या रकान्यात काय लिहायचं?

जून महिन्यात आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बाकं ओढून मार्गदर्शन केंद्र मांडलं जातं. दहावीला गणित शिकवणारी मी अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज भरून घ्यायला बसते. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला तपासणं, म्हणजे अर्जाचा भाग एक, हे हाताला सवयीचं काम आहे. खरा घोळ होतो तो भाग दोनमध्ये. तिथे कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहायची असतात.

हडपसरहून आलेल्या एका आईने मला हळूच विचारलं, "मॅडम, फर्ग्युसन पहिलं टाकलं आणि नाही लागलं, तर खालचंही हातचं जाईल ना?" शेजारी तिची मुलगी मान खाली घालून बसली होती.

हा प्रश्न मला रोज दहा वेळा ऐकू येतो. त्यामागची भीती वेडगळ नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात शाळांच्या जागा खरोखरच तशा वाटल्या जात. ज्यांनी एखादी शाळा पहिली लिहिली, त्यांना आधी जागा. दुसरी लिहिणाऱ्यांना उरलंसुरलं. मनातलं खरं लिहिणारे पालक त्यात फसत. २००५ साली बॉस्टनने ती पद्धत सोडून दिली. आपल्याकडे तसं होत नाही, पण हे कोणी नीट सांगतच नाही.

मी कागदाच्या पाच चिठ्ठ्या फाडल्या. त्यांवर गुण लिहिले : ४७०, ४६२, ४५५, ४४८, ४४०. दोन डस्टर म्हणजे दोन कॉलेजं, प्रत्येकात दोन जागा. "ताई, कॉम्प्युटर आधी गुण बघतो. ४७०वाल्याला बोलावतो, त्याच्या यादीत वरून खाली येतो आणि जिथे पहिली रिकामी जागा दिसेल तिथे बसवतो. मग ४६२." दोघांनाही डावं डस्टर हवं होतं, ते भरलं. आता ४५५ची पाळी. तिनेही डावंच पहिलं लिहिलेलं. तिथे जागा नाही, म्हणून ती उजवीकडे गेली. ४४८च्या मुलाने उजवं डस्टर पहिल्या क्रमांकावर लिहिलं होतं, तरी ४५५वाली त्याच्या आधी बसली. उरलेली जागा त्याला मिळाली. ४४०ची चिठ्ठी पुढच्या फेरीसाठी बाकावरच राहिली.

मुलीने मान वर केली. "म्हणजे कट-ऑफ कॉलेज ठरवत नाही?"

नाही. शेवटी बसलेल्या मुलाचे गुण म्हणजे कट-ऑफ. डाव्या डस्टरचा ४६२, उजव्याचा ४४८. मागच्या वर्षीचा आकडा अंदाजापुरता घ्यावा. यंदा रांगेत कोण उभं आहे, हे त्याला माहीत नसतं.

प्रत्यक्षात प्रत्येक शाखेची आणि प्रत्येक आरक्षणाच्या जागांची गणती वेगळी. शिवाय सगळ्या जागा या रांगेत येतच नाहीत. इनहाउसच्या, म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी १० टक्के, व्यवस्थापनाच्या ५ टक्के आणि अल्पसंख्याक संस्थांमध्ये त्या समाजाच्या मुलांसाठी ५० टक्क्यांपर्यंत जागा बाजूला असतात. त्यातल्या न भरलेल्या जागा कॉलेजांनी परत केल्या की त्या पुढच्या फेऱ्यांत मिळतात.

२००९ साली मुंबईत अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. पुढे ही पद्धत इतर मोठ्या शहरांत गेली आणि २०२५पासून सगळ्या राज्याला लागू झाली. ऑनलाइन होण्याआधी झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन कॉलेजागणिक फॉर्मच्या रांगा लावणारे वडील मी पाहिलेत. एकेका हुशार मुलाचं नाव चार-चार याद्यांत असे आणि त्याच्या मागचा मुलगा ताटकळत राही. तेवढं तरी थांबलं, याचं मला मनापासून समाधान आहे.

पण एक नियम मी आता प्रत्येकाला दोनदा सांगते. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं कॉलेज लागलं, तर ते न घेता पुढच्या फेरीची वाट बघता येते. पहिल्या पसंतीचं लागलं की मात्र तिथेच प्रवेश घ्यावा लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर.

हे दोनदा सांगायला मला एका मुलाने शिकवलं. त्याला ४५५ गुण होते, म्हणजे ९१ टक्के. लांबचं एक कॉलेज त्याला मनापासून हवं होतं, पण 'ते कुठलं आपल्याला लागतंय' म्हणून त्याने घराजवळचं पहिलं लिहिलं आणि ते दुसरं. त्याची कागदपत्रं मीच तपासली होती. क्रम का असा, हे विचारलं नाही. पहिल्या यादीत त्याला जवळचं लागलं. त्याच यादीत लांबच्या कॉलेजचा कट-ऑफ ९०.४ टक्के होता, म्हणजे ४५२. तीन गुण जास्त असूनही ती जागा त्याची झाली नाही, कारण कॉम्प्युटर त्याच्या यादीत पहिल्या ओळीखाली उतरलाच नव्हता. तो यादीची प्रिंट घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि मला काही बोलता आलं नाही.

म्हणून मी हडपसरच्या मुलीला विचारलं, "तुला स्वतःला कुठे जायचंय? दोन बस बदलून रोज जाशील? हो असेल तरच ते पहिलं लिही."

तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "डबा मी साडेपाचला करून देईन."

तिने पहिल्या रकान्यात फर्ग्युसन निवडलं, खाली हडपसर परिसरातली चार लिहिली, सगळा अर्ज एकदा मोठ्याने वाचला आणि मग लॉक केला.