‘कोन्याक’ कशाला म्हणता येतं?

फ्रान्समधल्या शारांत नदीकाठच्या कोन्याक गावाभोवतालच्या पट्ट्यात बनलेल्या ब्रँडीलाच हे नाव लावता येतं. ही हद्द १९०९ साली सरकारने आखून दिली. पण नुसत्या पत्त्यावर भागत नाही. द्राक्षं मुख्यतः उनी ब्लाँ. त्यांची आंबट, हलकी वाइन तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळायची, तीही ३१ मार्चच्या आत. मग ओकच्या पिंपात किमान दोन वर्षं मुरवायची. पिंपांतून उडणाऱ्या वाफेवर एक बुरशी पोसते आणि तिथल्या गोदामांच्या भिंती काळ्याकुट्ट होतात. मला तर बाटलीपेक्षा या भिंतीच जास्त बोलक्या वाटतात! दक्षिणेला गॅस्कनीतली आर्मान्याक ही ब्रँडी बहुधा एकदाच गाळतात, त्यामुळे चवीला रांगडी.

नाव प्रदेशाशी असं बांधून ठेवणारं भौगोलिक मानांकन आपल्या गोव्याच्या काजू फेणीलाही २००९ साली मिळालंय.