परदेशातील पहिले पंधरा दिवस

वसई-विरार परिसरातून उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणारा विद्यार्थी ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. रात्री घरच्यांचा निरोप घेऊन निघालेला मुलगा दुसऱ्या दिवशी फ्रँकफुर्टला किंवा लंडनला उतरलेला असतो. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती अथवा बँकेचे कर्ज मंजूर झाले आणि व्हिसा हाती आला, म्हणजे कार्य सिद्धीस गेले, अशी पालकांची आणि कित्येकदा शाळेचीही समजूत असते. वस्तुतः पहिली कसोटी लागते ती उतरल्यानंतरच्या दोन आठवड्यांत. आणि ती अभ्यासाची नसून निवारा, ऊब, अन्न व कागदपत्रे यांची असते.

ही कसोटी जुनीच आहे. वसई तालुका १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ज्या ठाणे जिल्ह्यात होता, त्याच जिल्ह्यातील कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजेच पुढील डॉ. आनंदीबाई जोशी, ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय अवघे अठरा. सोबत मिशनरी स्त्रिया होत्या, पण आपले असे कोणी नव्हते. शाकाहाराचे व्रत पाळावयाचे असल्याने प्रवासात खाण्यापिण्याचे हालच झाले.

बंदरावर मात्र त्यांना उतरवून घेण्यासाठी श्रीमती कार्पेंटर आल्या होत्या. दोघींचा पत्रव्यवहार १८८० पासून सुरू होता आणि आनंदीबाई त्यांना पत्रांतून मावशीच मानीत. न्यू जर्सीतील रोझेल या गावी कार्पेंटर कुटुंबात त्यांनी तो सर्व उन्हाळा काढला. पेनसिल्व्हेनियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय फिलाडेल्फियात ऑक्टोबरमध्ये सुरू होणार होते. म्हणजे परक्या देशाची राहणी, बोलणे, बाजार, हवामान यांचा परिचय करून घेण्यास त्यांना एका घराच्या छायेत चार महिने मिळाले. या चार महिन्यांचा उल्लेख त्यांच्या चरित्राच्या शालेय पाठांत सहसा एका ओळीत उरकला जातो. परंतु त्यांच्या शिक्षणाचा पाया तेथेच घातला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

फिलाडेल्फियात परिस्थिती पालटली. खोलीतील शेकोटीची रचना सदोष होती, ती पेटवावी तर धूर कोंडे आणि विझवावी तर थंडी सोसावी लागे, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. नेसणे नऊवारीचे, थंडीत पाय झाकण्यासाठी त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास प्रारंभ केला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे क्षयाने त्यांचा अंत झाला. त्या दुखण्यास केवळ ती खोलीच कारणीभूत होती असे कोणी म्हणणार नाही. तथापि विद्यार्थ्याची खोली ही किरकोळ बाब नव्हे, एवढे यावरून ध्यानी येते.

बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहातील जेवण मानवले नाही. ते प्रथम कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात राहावयास गेले. तेथे नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांच्या खोलीत सोबती होते. हा स्नेह पुढे आयुष्यभर टिकला.

आजच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला चार महिने येत नाहीत. त्याला सर्व काही पंधरवड्यात उरकावे लागते. जर्मनीचेच उदाहरण घ्यावे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसल्याने मराठी मुलांचा ओढा तिकडे आहे. नव्या घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. निर्वाहखर्चाची रक्कम (सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो) व्हिसापूर्वीच विशेष खात्यात ठेवावी लागते, परंतु ती दरमहा हप्त्यानेच हाती येते. आणि हप्ता घेण्यास तेथे चालू खाते हवे. खाते उघडताना बहुधा पत्त्याच्या नोंदीची विचारणा होते आणि पत्ता तर खोली मिळाल्याशिवाय नाही! हे चक्र ज्याला घरून निघण्यापूर्वी ठाऊक असते, तो पहिल्या महिन्याचे भाडे, घरमालकाकडे ठेवावयाची अनामत आणि जेवणखर्च यांची सोय वेगळी करून निघतो. इतरांना उसनवारी करावी लागते. रविवारी तेथील बहुतेक दुकाने बंद असतात, हे शनिवारी रात्री उतरलेल्या मुलाला उपाशीपोटीच कळते.

आईने बांधून दिलेल्या पदार्थांचेही तसेच आहे. वसईची सुकेळी प्रवासात टिकतात म्हणून प्रत्येक घरातून दिली जातात. पण भारतातून जाणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघाच्या देशांत मांस व दुग्धजन्य पदार्थ सोबत नेता येत नाहीत. तेव्हा तुपाची बरणी आणि पेढ्यांचा डबा घरीच ठेवलेला बरा. अमेरिकेत उतरताना तर बरोबरचा प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो.

यात शिक्षक व पंचायत सदस्य यांना करण्याजोगे काय आहे? पहिली गोष्ट नावाची. वसईतील एकच आडनाव ‘घोन्साल्विस’ इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत एक, शाळेच्या दाखल्यात दुसरे आणि पारपत्रात तिसरे असे झाले की व्हिसा व विद्यापीठातील नोंदणी या दोन्ही ठिकाणी खुलासे करीत बसावे लागते. ही दुरुस्ती गावातच आणि शक्यतो दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी झाली पाहिजे. पुढे ती फार जड जाते. जातीचा व उत्पन्नाचा दाखला ऐन मुदतीत मिळविण्याची धावपळही टाळता येण्याजोगी आहे.

दुसरी गोष्ट माहितीची. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीत वर्षाला २० जागा असून त्यांपैकी ३ विशेष दुर्बल आदिवासी गटांसाठी राखीव आहेत. महाराष्ट्रात या गटांत कातकरी येतात आणि कातकरी पाडे पालघर जिल्ह्यात पुष्कळ आहेत. अशा पाड्यावरील पदवीधरापर्यंत ही वार्ता पोहोचविणारा बहुधा आश्रमशाळेचा शिक्षकच असू शकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. वसई-विरारमधील अनेक गावांची मुले आज निरनिराळ्या देशांत शिकत वा नोकरी करीत आहेत. कोण कोणत्या शहरात आहे याची एक साधी वही, त्यांच्या संमतीने, शाळेत किंवा पंचायतीत ठेवता येईल. नवा मुलगा निघण्यापूर्वी दोन महिने त्यांच्यापैकी एकाला पत्र गेले, तर खोलीत ऊब कशी आहे, भाडे किती आणि विमानतळावर कोण येणार, या तीन प्रश्नांची उत्तरे निघण्यापूर्वीच मिळतील. कार्पेंटरबाईंचे पहिले पत्र आनंदीबाईंना तीन वर्षे आधी आले होते.