रबरी मासोळी आणि खरा हामूर



"गळाला लागणे" हा वाक्प्रचार वर्गात शिकवताना एकाने विचारले, "पण गळ म्हणजे काय?" इथे वाढणाऱ्या मुलांनी मासा पाहिला तो सुपरमार्केटच्या बर्फावर! म्हणून हिवाळ्यातल्या एका शनिवारी आम्ही काही पालक आणि मुले फुजैराच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे काय शिकलो ते सांगतो.

गळ म्हणजे मासा अडकवायचा वाकडा आकडा. त्याला आमिष लावतात. आमच्याकडे आमिष होते रबरी मासोळी. दोरा ओढला की तिची शेपटी हलते आणि पाणी थरथरते. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेघ असते. ही थरथर माशाला त्या रेघेमुळे कळते. म्हणून गढूळ पाण्यातही तो फसतो. अमेरिकेत धरणांच्या तलावांत बास नावाचा मासा असाच पकडतात. आपल्याकडे तसले तलाव नाहीत, पण समुद्र आहे.

हिवाळा : आखातातले पाणी साधारण २० अंशांपर्यंत थंड होते. सुरमई किनाऱ्याजवळ येते. गोव्यात तिला इसवण म्हणतात, इथले अरब कनाद म्हणतात. ती वेगाने पोहते, म्हणून मासोळीही भरभर ओढावी लागते. तिचे दात इतके धारदार, की गळाजवळ दोऱ्याऐवजी तारेचा तुकडा बांधतात.

वसंत : साफी आणि शेरी या माशांचा हा अंडी घालण्याचा काळ. म्हणून अलीकडच्या वर्षांत मार्च-एप्रिलमध्ये ते पकडण्यावर आणि विकण्यावर बंदी घालण्यात आली. साफी शेवाळ खातो, त्यामुळे रबरी मासोळीकडे तो बघतही नाही. त्याचे काटे विषारी असतात, हात लावू नका!

उन्हाळा : पाणी ३३-३४ अंशांच्याही वर जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून पुष्कळ मासे खोल पाण्यात जातात. आखात उथळ आहे, सरासरी खोली सुमारे ३५ मीटर. फुजैराकडचा ओमानचा समुद्र मात्र खूप खोल. उन्हाळ्यात गळ टाकायचाच तर पहाटे. ऑक्टोबरपासून पाणी निवू लागते आणि मासे परततात.

आता आमची गोष्ट. दुपारपर्यंत काहीच मिळाले नाही. मग खडकांजवळ मासोळी हळूहळू ओढताना दोरा ताणला गेला. हामूर! म्हणजे आपल्या कोकणातला हेकरू किंवा गोबरा. सगळे नाचू लागले. रात्रीचे कालवणही ठरले. तेवढ्यात एका मुलीने दप्तरातली पट्टी काढली. दोनदा मोजले, ३१ सेंटिमीटर. नियमाप्रमाणे हामूर किमान ४५ सेंटिमीटर हवा. "एकच तर आहे," असे आमच्यातलेच एक मोठे माणूस म्हणाले. मुले गप्प झाली.

एकाच हामूरने काय बिघडते? हामूर आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर त्यांतले काही नर होतात. लहान असतानाच पकडला तर तो अंडी घालण्याआधीच संपतो, नर होणे दूरच. १९७८ आणि २००२ च्या सुमारास इथल्या समुद्राच्या पाहण्या झाल्या. त्या ताडून पाहता तळाचे मासे जवळजवळ ८० टक्क्यांनी घटलेले आढळले. म्हणूनच अबू धाबीने २०१९ मध्ये गरगूर या तारेच्या पिंजऱ्यांवर बंदी आणली. आपल्या महाराष्ट्रातही जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटी बंद असतात. मग नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ देतात. समुद्राला विसावा देण्याची रीत दोन्हीकडे आहे.

शेवटी हात ओले करून (कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो) आम्ही गळ काढला आणि मासा सोडला. क्षणभर तो थांबला आणि खडकाखाली गेला. रात्री घरी पिठलं-भात खाल्ला.

पालकांसाठी : गळ टाकण्यासाठी परवाना लागतो. त्याची आणि यंदाच्या बंदीची चौकशी आधी करावी. सोबत मोजपट्टी ठेवावी.

मुलांसाठी : "गळाला लागणे" वापरून दोन वाक्ये लिहा. आणि आजी-आजोबांना फोन करून विचारा, तुमच्या गावी हेकरूला काय म्हणतात?