जुनी मस्टँग : पाहून घ्यावी, पाणी ओतून घ्यावी

हौसेला मोल नसतें असें म्हणतात. पण हौस पुरविण्याची वेळ आली म्हणजे तिचें मोल सांगणारा मनुष्य दारांत उभाच असतो. गेल्या वर्षीं आम्ही अमेरिकेंत, न्यू जर्सी संस्थानांतील एडिसन गांवीं, पुतण्याकडे दोन महिने राहून आलों. निघतांना आमच्या वडील बंधूंनीं बाजूस बोलावून सांगितलें, "पोरानें साठ वर्षांपूर्वींची मोटार पाहून ठेविली आहे. घराच्या पहिल्या हप्त्यासाठीं ठेवलेल्या पैशांतून अठरा हजार डॉलर तो तिच्यावर घालणार. सूनबाईंना सहावा महिना. तूं जन्म कारखान्यांत काढलास. नाहीं म्हणावयाचें असेल तर तूं म्हण, पण पाहून म्हण." हें शेवटचें वाक्य आम्हांस फार आवडलें. न पाहतां नाहीं म्हणणारे वडील घरोघर आहेत.

मोटार होती फोर्ड कंपनीची १९६६ सालची मस्टँग, दोन दारांची कूपे. लांब नाक, आंखूड पाठ, पुढें जाळींत धांवता घोडा. ही जात प्रथम लोकांपुढें आली ती १७ एप्रिल १९६४ रोजीं, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत. फोर्डच्या त्या विभागाचे प्रमुख ली आयकोका यांची कल्पना सोपी होती. कंपनीची फाल्कन नांवाची एक साधी संसारी गाडी होती. तिचींच हाडें घेऊन त्यांवर तरुणांस भुरळ पडेल असा देह चढवावयाचा. मूळ किंमत २,३६८ डॉलर. पहिल्याच दिवशीं बावीस हजार मागण्या आल्या, आणि दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वीं, मार्च १९६६ मध्यें, दहा लक्षावी गाडी बाहेर पडली. एकट्या १९६६ च्या मालिकेंत सहा लक्षांहून अधिक गाड्या झाल्या आणि त्यांत कूपे पांच लक्षांच्या जवळपास. म्हणजे ही गाडी दुर्मिळ नव्हे. दुर्मिळतेचे दाम कोणी मागूं लागला तर ते देऊं नयेत, हें पुतण्यास आम्ही विमानतळावरच सांगून टाकलें. गाड्या पुष्कळ म्हणून सुटे भागही पुष्कळ. पत्र्यापासून आसनांच्या खोळींपर्यंत सारें आजही नवें बनून मिळतें, आणि ही मोठीच सोय.

पुतण्याचा जीव मात्र एका अक्षरांत अडकला होता. या गाड्यांच्या क्रमांकांतील दुसरें अक्षर कारखाना सांगतें: एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे कॅलिफोर्नियांतील सॅन होजे, टी म्हणजे मेटचन. मेटचन हें शेजारच्या गांवाचें नांव; कारखाना होता तो एडिसनच्याच हद्दींत. २००४ सालीं तो बंद झाला, आणि आज त्या जागीं दुकानें आहेत. "काका, ती आमच्या गांवची गाडी आहे," असें तो म्हणाला, तेव्हां आम्हांस हंसूं आलें आणि थोडें भरूनही आलें. पुण्याचा मुलगा एडिसनला 'आमचें गांव' म्हणूं लागला होता.

व्यापाऱ्याकडे गाडी पाहिली. लाल रंग, चांदीसारखे बंपर. दिव्याखालीं उभी केलेली नवरी मुलगीच. जाहिरातींत 'अस्सल आठ सिलिंडर' असे शब्द होते. आम्ही प्रथम बॉनेट उघडून डाव्या चाकावरच्या आंतल्या पत्र्यावर ठोकलेला क्रमांक वाचला. ६ म्हणजे १९६६. टी म्हणजे मेटचन. ०७ म्हणजे कूपे. आणि पांचवें अक्षर पुन्हां टी. हें पांचवें अक्षर इंजिन सांगतें. सी, ए किंवा के असतें तर गाडी जन्मतः आठ सिलिंडरची. टी म्हणजे दोनशें घन इंचांचें सहा सिलिंडरचें इंजिन. डोळ्यांसमोर इंजिन तर आठाचें. मग आम्ही खालीं बसून चाकाचे नट मोजले. चार! आठ सिलिंडरच्या मस्टँगला चाकास पांच नट असतात, सहाच्या गाडीस चार. म्हणजे कोणीं तरी घोडा बदलला होता, टांगा जुनाच ठेवून. एकशें वीस अश्वशक्तीसाठीं घडविलेला मागला आंस आणि तेवढ्याच बेताचे लहान ब्रेक यांवर दोनशें अश्वशक्तीचा भार टाकलेला. इंजिन बदलणें पाप नव्हे. तें करावें तर आंस, ब्रेक आणि पुढच्या स्प्रिंगाही बदलाव्या, आणि मग अस्सल हा शब्द वापरूं नये.

पण अशा जुन्या गाडीचें खरें दुखणें इंजिनांत नसतें. इंजिन काढतां येतें, उघडतां येतें, सोप्या हत्यारांनीं नीट करतां येतें. धूर निळा आला तर तेल जळतें, पांढरा येऊन थांबत नसला तर पाणी आंत शिरतें, आणि सिलिंडरांचा दाब मोजून सर्वांत कमी आंकडा सर्वांत मोठ्याच्या तीनचतुर्थांशाखालीं गेला नाहीं म्हणजे पुष्कळ झालें. खरें दुखणें गंज. जुन्या काळच्या कित्येक गाड्यांत पोलादी सांगाडा निराळा आणि त्यावर देह निराळा असे. मस्टँगला तसा निराळा सांगाडा नाहीं. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. त्यामुळें तळाचा पत्रा कुजला म्हणजे गालिचाखालीं भोंक पडलें एवढेंच होत नाहीं. घराचा वासा गेला असें समजावें. न्यू जर्सीच्या हिंवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि तें खारें पाणी साठ हिंवाळे गाडीच्या पोटास लागलेलें.

घरून निघतांना आम्ही पातळ फडक्यांत बांधलेलें एक लोहचुंबक खिशांत टाकलें होतें. दारांच्या खालच्या कडा, मागल्या चाकांच्या कमानी आणि पुढच्या पत्र्यांचे तळ यांवरून तें फिरविलें. दोन ठिकाणीं तें निसटून पडलें. म्हणजे तेथें पत्रा नाहीं, वर रंग चढविलेली पुट्टी आहे. व्यापारी म्हणाला, "एवढें तर असावयाचेंच." तें खरेंही होतें. वरचा पत्रा दिसतो आणि बदलतां येतो, म्हणून आम्ही तेवढ्यावरून मत दिलें नाहीं.

आतां जें सांगणार तें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण या गाडीचें मर्म तेथें आहे. पुढच्या कांचेच्या खालीं, बॉनेटच्या मागें, जाळीदार भोंकें असलेला एक पत्रा असतो. त्यांतून बाहेरची हवा आंत बसणारांस मिळते. हवेबरोबर पावसाचें पाणीही पडणारच, म्हणून आंत एक पन्हळ केली आहे. पाणी दोहों बाजूंनीं वाहून जातें, आणि हवेच्या दोन्ही भोंकांभोंवतीं पत्र्याचीं उभीं कडीं बसविलीं आहेत, विहिरीच्या कठड्यासारखीं, कीं पाणी आंत सांडूं नये. या पन्हळींत पानें आणि माती सांचतात, ओल राहते, आणि तीं कडीं बुडापासून कुजतात. मग पाऊस पडला कीं पाणी थेट बसणाराच्या पायांवर. तेथून गालिचाखालीं, आणि गालिचाखालून तळाच्या पत्र्यांत. सारें दोन पत्र्यांच्या मध्यें झांकलेलें असल्यामुळें बाहेरून डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं. दुरुस्ती करावयाची तर जोडाचे असंख्य टांके एक एक करून फोडावे लागतात. नवा गालिचा पाहून म्हणूनच आमच्या मनांत पाल चुकचुकली.

आम्ही पिण्याच्या पाण्याची बाटली काढली आणि परवानगी मागितली. व्यापाऱ्यानें खांदे उडविले. पुतण्या आंत डोकें घालून वाहकाच्या बाजूस पाहत होता. सूनबाई दमल्या म्हणून शेजारच्या आसनावर बसल्या होत्या. आम्ही जाळीवर हळूहळू पाणी ओतलें. अर्धी बाटली झाली नसेल तोंच आंतून आवाज आला, "काका, माझी चप्पल भिजली."

कोणीच बोललें नाहीं. गालिचाची कड उचलली. खालीं काळा डांबरी लेप जाडसर फांसलेला, आणि त्यांत बोट दाबलें तें आंत गेलें. मग गाडी उचलून घेऊन पोटाखालीं पाहिलें. पुढचे उभे तुळवे जेथें तळास मिळतात त्या पेट्यांवरही तोच लेप. त्यांतील डावी पेटी हातोडीच्या दांड्यानें ठोकली तेव्हां पोलादाचा खणखणाट नाहीं, ओल्या पुठ्ठ्यासारखा बद्द आवाज. गांवांतील एका जाणत्या कारागिरास विचारलें तेव्हां त्यानें कांचेखालची पन्हळ, तळ आणि पेट्या मिळून नऊ हजार डॉलरांचा अंदाज दिला, रंग निराळा. व्यापारी सोळा हजारांवर आला. पुतण्यानें गाडीच्या छपरावरून एकदां हात फिरविला आणि आम्ही परत आलों. त्या रात्रीं तो जेवला नाहीं. त्याच्या आईनें पुण्याहून दूरध्वनीवरून आमच्यावरच राग काढला तो निराळाच.

येथें गोष्ट संपली असती तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. पण गंजाहूनही मोठी एक गोष्ट अशी होती कीं जी निर्दोष गाडींतही तशीच असती, आणि ती त्यास सांगणें आम्हांस अधिक कठीण गेलें. १९६६ च्या मस्टँगला ब्रेकच्या तेलाची एकच टांकी आणि चारी चाकांस मिळून एकच वाट. कोठें एक नळी फुटली कीं चारी ब्रेक एकदम जातात. पुढच्या वर्षापासून कंपनीनें दोन वाटा केल्या. खांद्यावरून येणारा पट्टा नाहीं, मानेमागें आधार नाहीं, समोरून धडक बसली असतां दुमडणारा चक्राचा दांडा नाहीं. नव्या गाड्यांस असल्या गोष्टींची सक्ती अमेरिकेंत १९६८ पासून सुरू झाली. शिवाय मागें सामानाच्या खणाचा तळ म्हणून जो पत्रा दिसतो, त्याचा मधला भाग म्हणजे खुद्द पेट्रोलच्या टांकीची वरची बाजू. मागल्या आसनावर बसलेलें मूल आणि ती टांकी यांच्यामध्यें आसनाच्या पाठीपलीकडे फारसें कांहीं नाहीं. आम्ही एवढेंच म्हणालों, "अरे, तूं घे हवी तर. पण लेंकरू हिच्यांत बसावयाचें नाहीं." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तें मीं ठरविलेंच होतें, काका. तुम्ही म्हणाल कीं नाहीं तेवढें पाहत होतों."

तीन आठवड्यांनीं दुसरी गाडी सांपडली. निळी, पण निळा रंग उडून राखेसारखा झालेला, आसन फाटकें, इंजिन सहाच सिलिंडरचें. एका वृद्ध गृहस्थांनीं ती कॅलिफोर्नियाहून येतांना आणिली होती आणि गॅरेजमध्यें झांकून ठेविली होती. क्रमांकांत दुसरें अक्षर आर. आमच्या गांवची नव्हे म्हणून पुतण्या किंचित हिरमुसला. पण या वेळीं त्यानें स्वतःच बादली मागून घेतली. अख्खी बादली जाळीवर ओतली. पाणी दोहों बाजूंनीं चाकांमागें पडलें, आंत थेंब नाहीं. बॅटरीखालचा पत्रा आम्लानें खाल्ला होता, तो सुटा बदलतो. सहा सिलिंडरचें हें इंजिन लोक कमी लेखतात. वेगाची घमेंड त्यांत नाहीं खरी. पण त्याच्या मुख्य दांड्यास सात ठिकाणीं आधार आहेत आणि नेमानें तेल बदलणारास तें सहसा दगा देत नाहीं. त्या काळचें पेट्रोल शिशाचें असे. रस्त्यावरच्या गाड्यांसाठीं तें अमेरिकेंत १९९६ पासून बंद आहे, म्हणून कधीं इंजिन उघडलें तर झडपांच्या बैठका कठीण पोलादाच्या घालाव्या, हें कारागिरास सांगून ठेवलें. रबरी नळ्याही आजच्या मद्यार्कमिश्रित पेट्रोलला टिकतील अशा नव्या घातल्या.

अकरा हजारांत सौदा झाला. मालकीचा कागद विकणाराच्याच नांवाचा आहे कीं नाहीं, आणि त्यावरील क्रमांक पत्र्यावरच्या क्रमांकाशीं अक्षर न् अक्षर जुळतो कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं पाहिलें. न्यू जर्सींत पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीस ऐतिहासिक गाडीची पाटी मिळते; ती प्रदर्शनासाठीं, रोज कचेरीस जाण्यासाठीं नव्हे. सूनबाईंस तेवढी अट पुरेशी वाटली. वांचलेल्या पैशांतून पहिला खर्च ब्रेकच्या दोन वाटांचा. तो होईपर्यंत गाडी गॅरेजबाहेर काढावयाची नाहीं असें ठरलें, आणि बाकीचे पैसे घराच्या खात्यांत परत गेले.

आम्ही परतल्यावर महिन्याभरानें नातीच्या जन्माची वार्ता आली. तिच्यामागून पुतण्याचा दुसरा संदेश होता: आदल्या रात्रीं एडिसनला मोठा पाऊस झाला, गाडी चुकून बाहेर राहिली होती, सकाळीं गालिचा उचलून पाहिला, कोरडा होता.